पाण्यातल्या किड्यांच्या अळ्यांमध्ये व्यंग का येतं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बरीच वर्षं गाळातल्या अळ्या मायक्रोस्कोपखाली बघत आलोय आणि लोकांचे प्रश्न फिरून फिरून तेच येतात, कुणाला कॉलेजचा प्रोजेक्ट असतो, कुणी नदीवर काम करत असतं, कुणाला नुसतं कुतूहल असतं. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतो. क्रमानं वाचायलाच पाहिजे असं काही नाही, पण झीज आणि व्यंग यातला फरक सांगितलाय तो प्रश्न मात्र सोडू नका, अर्धे घोळ तिथंच होतात.

व्यंग म्हणजे नक्की काय धरायचं?

अळी वाढत असताना तिच्या शरीराचा एखादा भाग जसा घडायला हवा तसा घडलाच नाही, तर ते व्यंग. दात कमी, दात जास्त, दोन दात एकमेकांना चिकटलेले, मधेच खिंडार, डावी बाजू एक आणि उजवी भलतीच, मिशीचा एखादा खंडच गायब, असं सगळं यात येतं. इथं महत्त्वाचा शब्द "घडताना" हा आहे. नीट घडून झाल्यावर काही तुटलं, झिजलं, दुसऱ्या किड्यानं चावलं तर ती इजा झाली, तिला व्यंगात मोजायचं नाही.

सगळे कायरोनोमिडबद्दलच का बोलतात? बाकी किडे नाहीत का?

आहेत की, त्यांच्याबद्दल खाली लिहिलंय. पण कायरोनोमिडला तोड नाही. डासासारख्या दिसणाऱ्या पण न चावणाऱ्या या बारक्या माशा, पाण्याच्या काठानं संध्याकाळी थव्याथव्यानं नाचतात त्या. त्यांच्या अळ्या जवळपास कुठल्याही गोड्या पाण्यात सापडतात, अगदी स्वच्छ झऱ्यापासून ते काळ्याकुट्ट घाण वासाच्या नाल्यापर्यंत, आणि त्यातल्या बऱ्याच जाती तळाच्या गाळात स्वतःची नळी विणून त्यात राहतात, तोच गाळ खातात, म्हणजे गाळात जे काही विष साठलंय ते त्यांच्या अंगाला बाहेरूनही लागतं आणि पोटातूनही जातं. काही जातींच्या अळ्या लालभडक असतात कारण त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, त्यामुळे ऑक्सिजन खूप कमी झाला आणि बाकीचे किडे पळाले किंवा मेले तरी या तिथंच टिकतात. जिथं दुसरा साक्षीदार उरत नाही तिथं ही अळी असते, म्हणून तिला एवढं महत्त्व.

दुसरं कारण म्हणजे तिचं डोकं. ते कडक कायटिनचं, म्हणजे किड्यांचं कवच ज्याचं बनतं त्या पदार्थाचं असतं, त्यावर दातांची एक पट्टी असते तिला मेंटम म्हणतात, आणि या पट्टीचे दात प्रत्येक जातीत इतके ठरलेले असतात की एक जरी इकडचा तिकडं झाला तरी लगेच दिसतं. कायरोनोमस या वंशाच्या अळीचा मेंटम बघा : मधे एक मोठा दात आणि त्याला तीन टोकं, त्याच्या दोन्ही बाजूंना सहा सहा दात. चारशेपट मोठं करून बघितलं की गडद तपकिरी रंगाची ती दातेरी पट्टी एखाद्या छोट्या करवतीसारखी दिसते, डावी उजवी अगदी आरशात बघितल्यासारखी. चांगली पट्टी शंभरदा बघून डोळा एकदा बसला की बिघडलेली पट्टी शोधावी लागत नाही, तीच टोचते.

मेंटमशिवाय अजून काय बघतात?

जबडे, मिशा, वरच्या ओठाखालचा कंगवा. शिकारी कायरोनोमिडमध्ये, उदाहरणार्थ प्रोक्लॅडियसमध्ये, मेंटमऐवजी लिग्युला नावाचा भाग बघतात, त्याला पाच दात असतात. मिशांचं व्यंग लवकर दिसतं असं काहींचं म्हणणं आहे, आणि १९८० च्या दशकात वॉर्विक या कॅनडातल्या संशोधकानं मिशांच्या व्यंगाची तीव्रता मोजायची एक वेगळी पद्धतच बसवली होती. पण मिशा नाजूक, स्लाइड करताना तुटतात, त्यामुळे नवख्या माणसानं मेंटमपासूनच सुरुवात करावी.

व्यंग नेमकं कधी तयार होतं? अळी बघतो तेव्हा ते किती जुनं असतं?

हे समजलं की बाकीचं अर्धं आपोआप समजतं. कायरोनोमिडच्या अळीच्या चार अवस्था असतात, म्हणजे अंड्यातून निघाल्यापासून कोष होईपर्यंत तिची एकामागून एक चार डोकी होतात असं समजा. कडक डोकं वाढू शकत नाही, म्हणून जुनं डोकं अजून जागेवर असतानाच त्याच्या आतल्या बाजूला त्वचेच्या पेशींचा मऊ थर नवं, मोठं डोकं घडवायला घेतो. दातांचा आकार ठरतो तो याच वेळी. मग कात टाकली जाते, नवं डोकं बाहेर येतं, सुरुवातीला फिकट आणि मऊ असतं, थोड्या वेळानं कडक आणि गडद होतं. एकदा कडक झालं की पुढच्या कातीपर्यंत त्यात काही बदल नाही.

म्हणजे चौथ्या अवस्थेतल्या अळीत तुम्हाला जे व्यंग दिसतं ते तिसऱ्या अवस्थेच्या शेवटी, डोकं आत घडत असताना काय झालं त्याचं आहे. आज पाणी कसं आहे ते यातून कळत नाही, तेव्हा गाळ कसा होता ते कळतं. बाटलीत आज भरलेलं पाणी तपासलं तर ते आजचं सांगतं, आणि कुणी रात्री काही सोडून दिलं आणि सकाळपर्यंत ते वाहून गेलं तर बाटलीत काहीच येत नाही, पण अळीच्या दातांत येऊ शकतं. मला स्वतःला या कामाचं एवढं वेड लागलं ते याच कारणानं.

बरं, मग मूळ कारण काय?

एकच कारण नाही. नवं डोकं घडायला पाच गोष्टी एकाच वेळी नीट चालाव्या लागतात : एकडायसोन हे कात टाकायला लावणारं हार्मोन बरोबर वेळी वाढून बरोबर वेळी उतरलं पाहिजे, ज्युव्हेनाइल हार्मोननं पुढची अवस्था अळीचीच की कोषाची ते ठरवलं पाहिजे, त्वचेच्या पेशी जिवंत आणि जागेवर पाहिजेत, कायटिन तयार झालं पाहिजे, आणि शेवटी ते कडक करणारी एन्झाइमं चालली पाहिजेत. या साखळीत कुठंही अडथळा आला की दात वाकडा. म्हणूनच तर अगदी वेगवेगळ्या विषांनी दिसायला सारखंच व्यंग येतं.

जड धातूंनी व्यंग येतं हे खरंय का?

हो, सगळ्यात जास्त पुरावा त्याचाच आहे. तांबं, शिसं, जस्त, कॅडमियम, पारा, यांवर प्रयोगशाळेत कायरोनोमसच्या अळ्या वाढवून बघितल्यात आणि मेंटमची व्यंगं वाढलेली दिसलीत, आणि खाणींच्या किंवा धातूंच्या कारखान्यांच्या खालच्या अंगाला असलेल्या नद्यांतही तेच दिसतं. बेल्जियम आणि नेदरलँड्सच्या सीमेवरची डोमेल नदी घ्या, तिथं कॅडमियम आणि जस्त यांचं प्रदूषण आहे आणि तिथल्या अळ्यांचा बराच अभ्यास झालाय. आपल्याकडे दामोदर नदीतल्या कायरोनोमिडच्या मिशांची व्यंगं आणि जड धातू यावरही काम झालंय.

धातू आत कसा जातो तर गाळ खाल्ल्यावर आतड्यातून आणि अंगाच्या पातळ कातडीतून. कॅडमियम तर कॅल्शियमच्या वाटेनं पेशीत घुसतं, कॅल्शियमसाठी ठेवलेल्या दारातून हा पाहुणा आत. म्हणून पाणी जड असलं, त्यात कॅल्शियम भरपूर असलं, तर तेवढंच कॅडमियम कमी त्रास देतं. अळीकडे बचावही आहे, धातूला पकडून ठेवणारी प्रथिनं ती तयार करते, पण त्या बचावाला ताकद लागते आणि एका मर्यादेनंतर तो पुरत नाही.

एक प्रामाणिकपणे सांगायलाच पाहिजे, की प्रयोगशाळेत "डोस वाढवला की व्यंग वाढलं" अशी सरळ रेघ दर वेळी मिळत नाही. कधी मधल्या डोसला व्यंग जास्त, वरच्या डोसला कमी. वरच्या डोसला बिघडलेल्या अळ्या मरूनच जातात हे एक कारण, त्याबद्दल पुढं.

कीटकनाशकं?

काही कीटकनाशकं तर बनवलीच त्यासाठी आहेत, म्हणजे कात टाकण्याची प्रक्रिया बिघडवायला. डायफ्लुबेन्झुरॉन कायटिन तयार होऊ देत नाही, मग नवी कातडी पातळ, फाटकी, आणि अळी जुन्या कातीतून सुटताना अडकून मरते. मेथोप्रीन आणि पायरिप्रॉक्सिफेन ज्युव्हेनाइल हार्मोनची नक्कल करतात, त्यामुळे अळी कोष व्हायच्या वेळी धड अळी नाही धड कोष नाही अशा मधल्याच रूपात अडकते, डासांमध्ये हे मी डोळ्यांनी बघितलंय, डोकं अळीचं आणि मागं कोषाचा आकार यायला लागलेला, अशी अवस्था. टेबुफेनोझाइड उलट एकडायसोनची नक्कल करतं, मग कात टाकायची वेळ आली नसताना कात टाकायचा हुकूम सुटतो.

ही औषधं डासांवर किंवा पिकावरच्या किडीवर वापरली तरी त्याच पाण्यातले बाकीचे किडेही कात टाकणारेच असतात, त्यांना वेगळं कसं ठेवणार, ओल्याबरोबर सुकं जळतं तशातली गत.

डासांसाठी बीटीआय टाकतात, त्यानं व्यंग येतं का?

नाही, त्याची काम करायची पद्धत वेगळी. तो एक जिवाणू, त्याचं विष अळीच्या आतड्याच्या पेशी फोडतं आणि अळी मरते. जास्त प्रमाणात कायरोनोमिडही मरू शकतात, पण दात वाकडे होणं हा त्याचा परिणाम नव्हे.

साबण, प्लास्टिक, डिटर्जंट यांच्यातल्या केमिकलनी?

काहींनी होतं. नॉनिलफेनॉल हे डिटर्जंटसारख्या पदार्थांच्या विघटनातून तयार होतं आणि माशांमध्ये ते मादी-हार्मोनसारखं वागतं म्हणून बदनाम आहे. २००१ मध्ये बेल्जियमच्या संशोधकांनी कायरोनोमस रिपेरियसच्या अळ्या त्यात वाढवून मुखांगांची व्यंगं दाखवली. किड्यांत इस्ट्रोजेन चालत नाही, त्यामुळे तिथं रस्ता वेगळा असणार, पण घडण बिघडते हे दिसलं. याशिवाय डांबर, कोळसा, तेल यांच्यातून येणारे पॉलिअरोमॅटिक हायड्रोकार्बन, जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलातलं पीसीबी, डीडीटीसारखी जुनी क्लोरीनवाली औषधं, ही सगळी पाण्यात फारशी विरघळत नाहीत, गाळाला चिकटून बसतात आणि गाळात राहणाऱ्याच्याच वाट्याला येतात. बंद होऊन वर्षं झालेल्या कारखान्याच्या खालच्या अंगाला आजही वाकडे दात सापडतात ते यामुळं.

नुसतं सांडपाणी आलं, ऑक्सिजन कमी झाला, तर व्यंग येईल का?

हा प्रश्न फार चांगला, कारण अळी लाल दिसली, नाला घाण दिसला की लोक सरसकट व्यंगाचा ठपका सांडपाण्यावर टाकतात. सेंद्रिय घाण आणि विष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९९३ मध्ये लेनॅट यांनी अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनातल्या ओढ्यांवर जे काम केलं त्यात मुद्दा हाच होता, की ज्या ओढ्यांत नुसता सेंद्रिय भार होता तिथं व्यंगाचं प्रमाण विषारी पाण्याच्या ओढ्यांइतकं वाढत नाही, त्यामुळे किडे कमी झाले ते सडक्या पाण्यानं की विषानं हे दातांवरून वेगळं काढता येतं. किड्यांची नुसती यादी करून हा फरक कळत नाही, दोन्ही ठिकाणी लाल अळ्याच उरतात.

अर्थात खऱ्या नाल्यात घरातलं आणि कारखान्यातलं पाणी एकत्रच येतं, तेव्हा दोन्ही असणार हे धरूनच चाला.

उष्णता, उपासमार?

उपाशी अळी लहान राहते, उशिरा वाढते. पाणी गरम झालं की सगळं भराभर होतं, काती लवकर पडतात, विषही अंगात भराभर जातं. एकट्या उष्णतेनं दात वाकडे होतात म्हणून तिच्यावर खापर फोडायच्या आधी गाळ तपासा.

आनुवंशिक असू शकतं का?

असू शकतं, आणि हे विसरतात लोक. प्रयोगशाळेत एकाच कुटुंबातल्या माशा पिढ्यान्‌पिढ्या आपसांत वाढवल्या की अगदी स्वच्छ पाण्यातही वाकडे दात दिसायला लागतात. म्हणून प्रयोगात स्वच्छ पाण्यातला कंट्रोल गट नसेल तर त्या प्रयोगाला अर्थ नाही, आणि कंट्रोलमध्येच व्यंगं जास्त निघाली तर आधी आपली माशांची वसाहत बदला, नव्या अंड्यांच्या माळा बाहेरून आणून रक्त मिसळा, मग विषाबद्दल बोला.

परजीवींमुळे काही होतं का?

दातांचं नाही, पण दुसरं होतं. मर्मिथिड नावाचे सुतासारखे कृमी कायरोनोमिडच्या अळीच्या पोटात वाढतात, कधी कधी अळीच्या अंगात गुंडाळी करून बसलेला लांबलचक पांढरा धागा बाहेरूनच दिसतो. अशा अळीतून माशी झालीच तर ती अर्धी नर अर्धी मादी अशी निघू शकते. हे बघून कुणी प्रदूषणाचा निष्कर्ष काढला तर चुकेल, म्हणून अळी उघडून बघा.

दात झिजलाय की व्यंग आहे हे कसं ओळखायचं?

नीट वाचा. दात तुटला असेल तर तुटल्याची कडा खडबडीत असते, कधी तिथला रंग फिका दिसतो, आणि दाताचा बुंधा जागेवर असतो. झिजला असेल तर टोकं गोल, गुळगुळीत, आणि बहुतेक वेळा शेजारचे दातही थोडेफार झिजलेले, विशेषतः मधला दात, कारण खरवडायचं काम तोच जास्त करतो. वाळूच्या तळावर राहणाऱ्या अळ्यांत हे फार. व्यंगात मात्र कडा पूर्ण असते, गडद रंग सलग असतो, म्हणजे त्या जागी दात कधी नव्हताच आणि कायटिन व्यवस्थित बंद झालंय असं दिसतं. जास्तीचा दात, दुभंगलेला दात, चिकटलेले दात यांत तर शंकाच नको, झीज कधी दात वाढवत नाही. मेंटमच्या मधोमध दात नसून सरळ खाच पडलेली असते त्याला कोन गॅप (Köhn gap) म्हणतात, तेही खरं व्यंग.

एक स्लाइड माझ्या अजून लक्षात आहे. मधला दात पूर्ण सपाट, दोन्ही बाजूंचे पहिले दातही खाली गेलेले, मी वहीत व्यंग म्हणून लिहून टाकलं. दुसऱ्या दिवशी परत बघितली, फोकस हळूहळू वरखाली केला, तर दातांचे बुंधे सगळे जागेवर, पंधराच्या पंधरा मोजता आले, नुसती टोकं घासून गेलेली. वहीतली नोंद खोडली. तेव्हापासून व्यंग वाटलेली प्रत्येक स्लाइड मी दुसऱ्या दिवशी पहिली नोंद न बघता परत बघतो, आणि जमलं तर दुसऱ्या माणसाला दाखवतो. शंका राहिली तर ती अळी व्यंगात धरत नाही, आणि तसं लिहून ठेवतो.

व्यंग किती टक्के असलं तर काळजी करायची?

शून्य कधीच मिळणार नाही. स्वच्छ ठिकाणीही थोडं असतंच. १९८४ मध्ये विडरहोम यांनी स्वीडनमधल्या तळ्यांचा अभ्यास केला त्यात स्वच्छ ठिकाणी १ टक्क्यापेक्षा कमी आणि खूप प्रदूषित ठिकाणी ५ ते २५ टक्के असं निघालं. पण हे आकडे उचलून आपल्या नदीला चिकटवू नका. वेगवेगळ्या वंशांत मुळातलं प्रमाण वेगळं असतं, झिजेला व्यंगात धरणारे आणि न धरणारे यांचे आकडे जुळत नाहीत, म्हणून आपल्याच नदीच्या वरच्या अंगाला, प्रदूषणाच्या आधीच्या जागी, त्याच वंशाच्या, त्याच अवस्थेच्या अळ्या मोजा आणि खालच्या अंगाशी तुलना करा. कायरोनोमसची प्रोक्लॅडियसशी तुलना करून काहीच कळत नाही.

लेनॅट यांनी व्यंगाचे तीन वर्ग केले होते ते कामाला येतात : पहिला किरकोळ, जो झिजेपासून वेगळा करणं अवघड, दुसरा स्पष्ट दिसणारा, म्हणजे जास्तीचे दात, नसलेले दात, मोठी खिंडारं, आणि तिसरा गंभीर, ज्यात दुसऱ्या वर्गातली निदान दोन लक्षणं एकत्र. मग त्यांना एक, दोन, तीन असं वजन देऊन गुण काढतात. नुसत्या टक्केवारीपेक्षा हे बरं, कारण एक बारीक खाच आणि अख्खी विस्कटलेली पट्टी यांना सारखं मोजणं अन्यायाचं आहे.

किती अळ्या तपासायच्या? मी तीस केल्या, पुरे का?

नाही पुरत. हिशोबच करून बघा. खरं प्रमाण ५ टक्के आहे असं धरा, तर ३० अळ्यांत एकही व्यंग न सापडण्याची शक्यता २१ टक्के आहे, म्हणजे पाचातून एकदा तुम्ही प्रदूषित ओढ्याला स्वच्छ म्हणून मोकळे व्हाल. खरं प्रमाण १ टक्का असेल तर ३० अळ्यांत काहीच न सापडायची शक्यता ७४ टक्के. सव्वाशे अळ्या केल्या तर ५ टक्क्यांचं व्यंग पूर्णपणे हुकायची शक्यता पाव टक्क्याच्याही खाली जाते. म्हणून एका जागेच्या शंभर सव्वाशे तरी करा, कंटाळवाणं आहे मान्य, पण आठ जागांच्या तीस तीस करण्यापेक्षा दोन जागांच्या सव्वाशे करा.

आमच्या गाळात धातू भरपूर निघाले पण व्यंग फारसं नाही. मग?

याची तीन चार कारणं असू शकतात. पहिलं, रिपोर्टमधला आकडा हा गाळातल्या एकूण धातूचा असतो, अळीला लागणाऱ्या धातूचा नाही. ऑक्सिजन नसलेल्या काळ्या गाळात सल्फाइड असतं, ते तांबं, जस्त, शिसं, कॅडमियम यांना घट्ट पकडून ठेवतं, तसंच सेंद्रिय पदार्थही तेलकट विषं धरून ठेवतात. म्हणजे माल गोदामात आहे पण दार बंद आहे. पुढं पूर आला, गाळ ढवळला गेला, हवा लागली, की सल्फाइड मोडतं आणि तोच धातू मोकळा होतो.

दुसरं, बिघडलेल्या अळ्या मेल्या असतील. जिथं विष सगळ्यात जास्त तिथं वाकड्या दाताची अळी चौथ्या अवस्थेपर्यंत पोचतच नाही, पोचतात त्या धडधाकट, आणि आपण मोजतो ते वाचलेल्यांना. म्हणून व्यंगाच्या टक्केवारीबरोबर एकूण अळ्या किती मिळाल्या तेही लिहा, दोन्ही आकडे शेजारी ठेवल्याशिवाय गोष्ट पूर्ण होत नाही.

तिसरं, पिढ्यान्‌पिढ्या त्याच गाळात राहून तिथली जमात सरावली असेल, सहन करणाऱ्या माशांचीच पिल्लं उरली असतील.

आणि चौथं साधं कारण, वरून वाहत आलेल्या अळ्या. पुरानंतर लगेच नमुना घेतला तर त्या अळ्या तिथं वाढलेल्याच नसतात.

व्यंग बघून कुठल्या केमिकलचा दोष ते सांगता येईल का?

नाही. अमुक खाच म्हणजे शिसं, अमुक जास्तीचा दात म्हणजे कीटकनाशक असं कोष्टक मागायला लोक येतात, तसं कोष्टक नाही, आणि वर सांगितलं तसं साखळी एकच असल्यामुळे ते असणं अवघडही आहे. अळी सांगते की इथं काहीतरी झालं. कुणी केलं ते शोधायला गाळाचं रासायनिक परीक्षण लागतं, आणि तोच गाळ प्रयोगशाळेत आणून त्यात स्वच्छ वसाहतीतल्या अळ्या वाढवून बघाव्या लागतात. हे दोन्ही जुळलं की मग कुठल्याही सुनावणीत छातीठोकपणे बोलता येतं.

बाकीच्या किड्यांमध्ये काय दिसतं?

कॅडिसफ्लाय या पतंगासारख्या किड्याच्या हायड्रोसायकी वंशाच्या अळ्या वाहत्या पाण्यात दगडांमधे जाळी विणून अन्न पकडतात. धातू किंवा क्लोरीन लागलं की त्यांचे कल्ले आणि शेपटीकडचे पापुद्रे काळे पडतात, आखडतात, आणि जाळीचे चौकोन वेडेवाकडे होतात. जाळी हा काही शरीराचा भाग नाही, पण विणणाऱ्याचं बिघडलं की विणकाम बिघडतं आणि ते मोजता येतं, मला तर हा प्रकार फार विलक्षण वाटतो.

टाचणी (चतुरासारखा बारीक किडा), मेफ्लाय, स्टोनफ्लाय या पाण्यात वाढणाऱ्या किड्यांत मात्र एक फसगत सांभाळा. यांच्या पिल्लांचा पाय शिकाऱ्याच्या तोंडात तुटला तर पुढच्या कातींत तो परत उगवतो, पण लहान, बारीक, कधी एखादा खंड कमी. एका बाजूचा पाय छोटा दिसला की लोक व्यंग म्हणून नाचतात. तो परत आलेला पाय आहे.

डासांच्या अळ्यांचे शेपटीकडचे पापुद्रे खाऱ्या पाण्यात लहान आणि गोड्या पाण्यात मोठे असतात, तेही व्यंग नव्हे, क्षार शोषायची सोय आहे.

हे पहिल्यांदा कधी लक्षात आलं?

१९६८ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या ईरी सरोवरातल्या बिघडलेल्या अळ्यांची नोंद आली, आणि १९७१ मध्ये हॅमिल्टन आणि सेथर यांनी कॅनडातल्या सरोवरांमधली व्यंगं नीट वर्णन करून त्यांचा संबंध शेती आणि कारखान्यांच्या घाणीशी लावला. त्यानंतर हा विषय वाढत गेला.

शंभर वर्षांपूर्वी नदी कशी होती हे अळ्यांवरून कळेल का?

तळ्यात कळतं, नदीत अवघड. कायटिनचं डोकं गाळात हजारो वर्षं टिकतं, म्हणून तळ्याच्या तळाचा गाळ नळीनं उभा काढून थराथरानं बघितला तर कुठल्या काळात वाकडे दात वाढले ते दिसतं. लेक ओंटारिओच्या बे ऑफ क्विंटीमध्ये वॉर्विक यांनी असंच केलं होतं. नदीत गाळ पुरानं उलटसुलट होतो, थर राहत नाहीत.

स्लाइड कशी करायची, थोडक्यात सांगा.

अळी ऐंशी टक्के अल्कोहोलमध्ये ठेवलेली असावी. डोकं धडापासून कापा. दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ते हलकं गरम करा, उकळू नका, आतलं मांस विरघळून डोकं पारदर्शक झालं की थांबा, जास्त ठेवलं तर दातांचा रंगच उडतो आणि मग झीज की व्यंग काही कळत नाही. हे द्रावण डोळ्यांत गेलं तर फार वाईट, चष्मा आणि हातमोजे घाला. मग पाण्यात धुवा, अल्कोहोलमधून काढा, आणि पोटाची बाजू वर करून युपॅराल किंवा कॅनडा बाल्सम या डिंकासारख्या पदार्थात बसवा. कव्हरस्लिप ठेवताना अगदी हलका दाब द्या, मेंटम सपाट पसरला पाहिजे पण फुटता कामा नये. धड फेकू नका, वेगळ्या स्लाइडवर त्याच नंबरनं ठेवा, वंश ओळखायला लागतं. आणि अळीचा नंबर, जागा, तारीख स्लाइडवरच लिहा, वहीत नंतर लिहीन म्हणू नका.

वाकड्या दातांची अळी पुढं जगते का? माशी होते का?

बऱ्याच होतात. किरकोळ व्यंग असेल तर ती खाते, वाढते, थोडी उशिरा का होईना कोष करते. गंभीर व्यंगाला नीट खरवडता येत नाही, वाढ मागं पडते. पण जी कोषापर्यंत पोचली तिचं डोकं शेवटच्या कातीबरोबर सुटून गाळातच राहतं. कोष पृष्ठभागावर येतो, पाठीवर चीर पडते, माशी त्याच्यावर उभी राहून पंख वाळवते आणि उडून जाते. माशीला मेंटम नसतोच, त्यामुळे तिच्याकडे बघून काही कळत नाही. वाकडे दात खाली गाळातल्या त्या टाकलेल्या डोक्यावर राहतात.